कुलपाला सवलत, भाड्याला भुर्दंड

घर, भाडं आणि बाजार : भाग 6

गेल्या आठवड्यात आपण पागडीच्या इमारतींपाशी थांबलो होतो. 1947 च्या कायद्याने मुंबईतली भाडी सप्टेंबर 1940 च्या पातळीला बांधून ठेवली. दुरुस्तीचा खर्च वाढत गेला, भाडं जिथल्या तिथे राहिलं आणि भाड्यासाठी इमारत बांधणारा मालक हळूहळू बाजारातून उठून गेला. गिरगाव-परळच्या खासगी चाळी ज्यांनी उभ्या केल्या त्यांचा हिशेब सरळ होता. महिन्याला येणारं भाडं हेच उत्पन्न, खोली रिकामी राहिली की तेवढं नुकसान. पुढे बिल्डर भाड्याने देणं सोडून विकायला लागले, सहकारी गृहसंस्था वाढल्या, 1963 मध्ये मालकी सदनिकांचा कायदा आला, आणि शहराला भाड्याची घरं पुरवण्याचं काम एका वेगळ्याच माणसाच्या अंगावर येऊन पडलं. पगारातून, बोनसमधून किंवा गावाकडची जमीन विकून दुसरा फ्लॅट घेणाऱ्या माणसाच्या. आजचा भाग त्याच्याविषयी आहे.

या माणसाला खलनायक ठरवायची माझी अजिबात इच्छा नाही. खासगी नोकरीत पेन्शन नसते. शेअर बाजाराची धास्ती वाटते, पतसंस्थेत अडकलेल्या ठेवींच्या कहाण्या प्रत्येक घरात ऐकलेल्या असतात, आणि घर काही कुठे पळून जात नाही, असं वडीलधारे सांगत आलेले असतात. परदेशात नोकरी करणारा मुलगा पुण्यात फ्लॅट घेऊन ठेवतो त्यात गुंतवणुकीइतकीच परतण्याची आशा असते. एकेकट्या कुटुंबाने घेतलेला हा निर्णय समजण्यासारखा आहे. पण लाखो कुटुंबं तोच निर्णय घेतात तेव्हा शहराचं काय होतं, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

आधी पैशांचा हिशेब मांडू. हडपसरच्या बाजूचा 80 लाखांचा टू बीएचके धरा, भाडं महिना 22 हजार. वर्षाचे झाले 2 लाख 64 हजार, म्हणजे किमतीच्या 3.3 टक्के. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स महिना तीन हजारांप्रमाणे वर्षाला 36 हजार, मिळकतकर समजा 15 हजार, आणि मालक 30 टक्क्यांच्या टप्प्यात असेल तर प्राप्तिकर. भाड्याच्या 30 टक्के रक्कम दुरुस्ती वगैरेसाठी सरसकट वजा मिळते, उरलेल्यावर कर बसतो, तो 55 हजारांच्या घरात जातो. सोसायटीचं बिनभोगवटा शुल्क, मध्ये एखादा महिना घर रिकामं, भाडेकरू बदलताना रंगकाम. हातात पडतात दीड लाख किंवा त्याहून कमी. 80 लाखांवर दोन टक्केसुद्धा नाहीत. बँकेच्या मुदतठेवीत कर कापून जे मिळतं त्याच्या हे निम्मंही होत नाही.

कर्ज काढून घेतला असेल तर गणित आणखी बिकट. 64 लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के व्याज, वीस वर्षं मुदत: हप्ता साधारण साडेपंचावन्न हजार. भाडं 22 हजार. दर महिन्याला तेहतीस-साडेतेहतीस हजार खिशातून भरायचे.

मग लोक घेतात कशाला? भाव वाढेल म्हणून. वर्षाला पाच टक्के जरी वाढ धरली तरी 80 लाखांवर चार लाख होतात, आणि त्याच्यापुढे भाड्याचे दीड लाख किरकोळ वाटू लागतात. चाळमालकापेक्षा हा मालक इथेच वेगळा ठरतो. त्याच्या दृष्टीने भाडेकरू ठेवला काय, न ठेवला काय, मूळ नफ्यात फारसा फरक पडत नाही. उलट भाडेकरू म्हणजे कटकट. नळ गळतो, शेजारी तक्रार करतात, विकायला काढला की दाखवायला अडचण होते, आणि कोरा करकरीत फ्लॅट वापरलेल्या फ्लॅटपेक्षा चांगल्या भावाने जातो. म्हणून कुलूप लागतं, चावी मावशीकडे राहते, आणि दिवाळीला एकदा झाडझूड होते.

आता हाच फ्लॅट घ्यायला आलेल्या दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे बघू. दोघं मिळून महिना लाखभर रुपये कमावणारं, आज भाड्याने राहणारं तरुण जोडपं. बँक किमतीच्या 80 टक्क्यांपर्यंत कर्ज देईल, म्हणजे 16 लाख स्वतःचे हवेत. पुणे महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क 7 टक्के, ते 5 लाख 60 हजार, वर 30 हजार नोंदणी फी. (फक्त बायकोच्या नावावर घेतलं तर शुल्कात एक टक्का सूट आहे, ती जरूर घ्यावी.) सगळे मिळून 22 लाख रोख उभे करायचे. भाडं भरून, मुलाची फी भरून महिन्याला 25 हजार शिल्लक टाकली तरी सात वर्षं लागतात, आणि सात वर्षांत पाच टक्क्यांनी वाढत 80 लाखांचा फ्लॅट एक कोटी बारा लाखांच्या पुढे गेलेला असतो. गुंतवणूकदाराची अडचण अशी नसते. त्याच्याकडे पहिलं घर असतं, त्याचं कर्ज फिटलेलं असतं, बँक त्याला आनंदाने दारात उभं करते. शिवाय एक घर विकून झालेल्या नफ्यावरचा कर वाचवायचा असेल तर त्या नफ्यातून दुसरं घर घ्या, अशी सोय प्राप्तिकर कायद्यातच आहे; 2023 मध्ये तिला 10 कोटींची मर्यादा घातली, एवढंच. त्यामुळे घरातला पैसा घरातच फिरत राहतो. दोन गिऱ्हाइकं एका फ्लॅटपाशी येतात तेव्हा भाव ठरतो तो जो जास्त देऊ शकतो त्याच्या खिशावरून, आणि बिल्डर पुढचा प्रकल्प त्याच खिशाकडे बघून आखतो.

2021 ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे रिकाम्या घरांचे हाताशी असलेले आकडे 2011 चेच आहेत. देशातल्या शहरांमध्ये तेव्हा 1 कोटी 11 लाख घरं रिकामी होती, एकूण शहरी घरांच्या सुमारे 12 टक्के. एकट्या मुंबईत 4 लाख 80 हजार. 2017-18 च्या आर्थिक पाहणीने हे आकडे मांडले तेव्हा मुंबई देशात पहिली होती. त्याच पाहणीत दुसरा एक आकडा आहे, तो मला जास्त बोलका वाटतो: शहरांत भाड्याने राहणाऱ्यांचं प्रमाण 1961 मध्ये 54 टक्के होतं, 2011 मध्ये 28 टक्के. रिकामी घरं सगळी गुंतवणूकदारांची नव्हेत हे खरं. काही न विकलेली, काही भाऊबंदकीत अडकलेली, काही राहण्याजोगी नसलेली असतात. आणि हेही खरं की ही घरं उद्या उघडली तरी झोपडपट्टीतल्या कुटुंबाला ती परवडणार नाहीत. 2012 च्या तज्ज्ञगटाने शहरांतली घरटंचाई 1 कोटी 88 लाख इतकी काढली, आणि तिच्यातला 95 टक्क्यांहून मोठा हिस्सा दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटांचा होता. पण मध्यमवर्गीय कुटुंबाला टू बीएचके मिळाला नाही की ते वन बीएचके घेतं, वन बीएचकेवाला चाळीकडे वळतो, आणि सगळ्यात शेवटी ज्याला कुठेच सरकायला जागा नाही तो एका खोलीत सातजण राहतो.

या सगळ्यात मला खरा राग येतो तो आपल्या नियमांचा. ते मालकाला भाड्याने देण्यापासून परावृत्त करतात.

प्राप्तिकराचंच घ्या. पूर्वी दुसरं घर बंद ठेवलं तरी त्याचं भाडं येतंय असं मानून कर लागत असे. कागदावर का होईना, घर रिकामं ठेवण्याची ती किंमत होती. 2019 च्या अंतरिम अर्थसंकल्पाने दुसऱ्या घरावरचा हा मानीव भाड्याचा कर काढून टाकला. 2025 च्या अर्थसंकल्पाने उरलेल्या अटीही काढल्या, आणि आता दोन घरांचं वार्षिक मूल्य शून्य धरता येतं. म्हणजे कुलूप लावलं तर कर शून्य, भाड्याने दिलं तर वर मांडला तेवढा. सोसायटीकडे या. घर भाड्याने दिलं की बिनभोगवटा शुल्क सुरू होतं. राज्य सरकारने ऑगस्ट 2001 मध्ये त्यावर सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांची कमाल मर्यादा घातली, त्यापूर्वी सोसायट्या मनाला येईल ते उकळत. बंद घराला हे शुल्क नाही. पुणे महापालिकेत स्वतः राहणाऱ्या मालकाला मिळकतकरात 40 टक्के सवलत आहे, मध्ये ती गेली होती, 2023 मध्ये परत आली. भाडेकरू ठेवला की ती मिळत नाही. रहिवासाला सवलत देण्यात गैर काहीच नाही. पण भाडेकरूचाही तो रहिवासच असतो, आणि मालकावर पडलेला बोजा तो भाड्यातून भरतोच. मुद्रांक शुल्काला तर पहिलं घर आणि पाचवं घर यांत फरकच कळत नाही. सिंगापूरमध्ये 2023 पासून तिथल्या नागरिकालासुद्धा दुसऱ्या घरावर 20 टक्के जादा मुद्रांक शुल्क भरावं लागतं.

2017 पर्यंत याहून विचित्र गोष्ट होती. स्वतः राहता त्या घराच्या कर्जावर व्याजाची वजावट दोन लाखांपर्यंत, आणि भाड्याने दिलेल्या दुसऱ्या घरावर मर्यादाच नाही. सगळा तोटा पगारातून वजा. जास्त पगारवाल्याच्या दुसऱ्या घराला सरकारी तिजोरीतून हातभार लागत होता. त्या वर्षी त्याला दोन लाखांचं कुंपण घातलं गेलं आणि पुढे नव्या करप्रणालीत पगारातून वजावट बंद झाली. हे चांगलं झालं.

दुसरं कारण भीतीचं. ‘भाडेकरू एकदा आत शिरला की निघत नाही’ हे वाक्य पागडीच्या काळातून आलं आणि अजून तसंच चालत आलंय. कायदा मात्र कधीच बदलला. 31 मार्च 2000 पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्यात लिव्ह अँड लायसन्सवर दिलेलं राहतं घर मुदत संपल्यावर सोडलं नाही तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊ शकतो, आणि घर सोडेपर्यंत ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट भरपाई मिळते. यासाठी करार नोंदलेला हवा. इथे बरेच मालक स्वतःच चूक करतात. अकरा महिन्यांचा करार आहे, नोंदणी कशाला, असं म्हणून स्टॅम्प पेपरवर सह्या घेतात. महाराष्ट्रात नोंदणी सक्तीची आहे, करार अकरा महिन्यांचा असो की पाच. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे, आणि ती केली नाही तर वाद झाल्यावर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. आता एजंट बोटांचे ठसे घेणारं यंत्र घेऊन घरी येतो, अर्ध्या तासात काम होतं.

गुंतवणूकदारांना घरं घेऊच देऊ नयेत, हा उपाय अनेकांना आवडतो. नेदरलँड्सने तो करून पाहिला. जानेवारी 2022 पासून तिथल्या शहरांना काही वस्त्यांमध्ये ठरावीक किमतीखालची घरं घेऊन भाड्याने देण्यावर बंदी घालता येऊ लागली. रोटरडॅममध्ये संशोधकांनी परिणाम तपासले. गुंतवणूकदार मागे हटले आणि मध्यम उत्पन्नाच्या कुटुंबांनी ती घरं घेतली, हा फायदा झाला. किमतींत मात्र लक्षात येण्याजोगा फरक पडला नाही आणि भाडी सुमारे 4 टक्क्यांनी वाढली. म्हणजे ज्यांना घर घेणं शक्यच नव्हतं त्यांच्या वाट्याची घरं कमी झाली. भाड्याने देणारा मालक शहराच्या उपयोगाचा असतो. हिंजवडीत नुकती नोकरी लागलेल्या मुलीला, बदलीवर आलेल्या बँक कर्मचाऱ्याला, परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांना तोच छप्पर देतो. कराचा रोख कुलपावर हवा, त्याच्यावर नको. कॅनडातल्या व्हँकूव्हरने 2017 पासून हेच केलं. तिथे रिकाम्या घरावर मूल्याच्या 1 टक्का कर होता, पुढे तो 3 टक्के केला. घर भाड्याने दिलं की कर नाही.

सरकारने स्वतः भाड्याची घरं बांधावीत, हा मार्गही आपल्याकडे अर्ध्यावर सुटला. एमएमआरडीएने 2008 मध्ये भाडेतत्त्वावरील घरांची योजना आणली, 160 चौरस फुटांची घरं, बिल्डरला जादा एफएसआय. पनवेलजवळ कोन इथे त्यातली घरं उभी राहिली, आणि अखेर दोन-दोन खोल्या जोडून ती 2016 च्या लॉटरीत गिरणी कामगारांना मालकीने देण्याचं ठरलं. कामगारांचा हक्क होताच, पण भाड्याची घरं शहराच्या हातून गेली ती गेलीच.

केंद्राचा कर बदलणं आपल्या हातात नाही. सोसायटीचं बिनभोगवटा शुल्क आहे. 10 टक्के ही कमाल मर्यादा आहे, तेवढं लावलंच पाहिजे असं कुठेही म्हटलेलं नाही. गृहसंस्थांची वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. त्या सभेत शुल्क कमी करण्याचा ठराव कुणीही सभासद मांडू शकतो, आणि ‘बॅचलर नकोत’ अशी पाटी लावणाऱ्या कमिटीला तिथेच जाबही विचारू शकतो. त्या पाटीविषयी, आणि घर शोधताना आडनाव, जात, धर्म विचारणाऱ्यांविषयी, पुढच्या आठवड्यात.