ब्रेकचे काम आणि टॉर्क पाना

घरी ब्रेक पॅड बदलायचे तर एकाच टॉर्क पान्यावर सहसा भागत नाही. बहुतेक लहान गाड्यांत कॅलिपरच्या पिनबोल्टला साधारण 25 ते 35 न्यूटन-मीटर लागतात, चाकाच्या नटांना 85 ते 110. नेमका आकडा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्यावा. 40 ते 200 चा अर्धा इंची पाना चाकांसाठी उत्तम, पिनबोल्टसाठी मात्र निरुपयोगी. त्याला 10 ते 60 च्या आसपासचा लहान पानाच हवा. स्वस्तात मिळतो म्हणून एकच मोठा घेऊ नका, आटे गेले की तो महागात पडतो.

‘कट्’ आवाज आला की हात थांबवा. पुन्हा दाबून खात्री करणे म्हणजे जास्त आवळणेच. मॅन्युअल सांगत नसेल तर आट्यांना तेल लावू नका: घर्षण घटते आणि तेवढ्याच टॉर्कला बोल्ट अधिक ताणला जातो. नट सोडवायला साधा पाना वापरा. काम संपले की टॉर्क पाना सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवा.

गाडी हलवण्याआधी ब्रेकचे पेडल घट्ट लागेपर्यंत दाबा. रायपूरहून नागपूरला निघाला असाल तर राजनांदगावला, साधारण 70 किलोमीटरवर, थांबून चाके निवू द्या आणि नट पुन्हा तपासा.