तोरा कोणाची?

यहुदी लोकांविषयी आपल्याकडे दोन गोष्टी बहुधा ऐकिवात असतात. एक, ते एकच देव मानतात. दुसरी, ते स्वतःस त्या देवाची निवडलेली प्रजा समजतात. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की विचारी माणसाच्या मनात शंका उभी राहते. देव एकच असेल तर तो सर्वांचा. आणि सर्वांचा असेल तर त्याने एकाच घराची निवड का करावी? ही शंका बाहेरच्यांनीच काढली असे मात्र नाही. ती यहुद्यांच्या आचार्यांनाही पडली, आणि तिच्याशी ते दोन हजार वर्षे झगडत आले आहेत. हा झगडा तोरा मिळाल्याच्या प्रसंगाभोवती कसा चालला, ते आम्ही आज सांगणार आहोत.

प्रसंग सर्वश्रुत आहे. मिसरच्या दास्यातून सुटलेले इस्राएल लोक सीनाय डोंगराच्या पायथ्याशी उतरतात. गडगडाट, धूर आणि शिंगाचा नाद यांच्यामध्ये त्यांना दहा आज्ञा ऐकू येतात. तोरा म्हणजे मोशेचे पाच ग्रंथ, आणि व्यापक अर्थाने त्यांवर उभी राहिलेली सारी मौखिक परंपराही. शब्दाचा मूळ अर्थ 'शिकवण' असा आहे. 'कायदा' हे भाषांतर ग्रीकांच्या वाटेने आले आणि येताना पुष्कळ गैरसमज घेऊन आले. या प्रसंगाचा सण म्हणजे शावुओत. तो वल्हांडणानंतर सात आठवडे मोजून येतो. बायबलात तो केवळ कापणीचा सण आहे. तोरेशी त्याची सांगड पुढे रब्बींनी घातली.

'निर्गम' ग्रंथाच्या १९ व्या अध्यायात निवडीची भाषा आहे, पण तिच्या लगतच सारी पृथ्वी माझीच आहे असेही देव बजावतो, आणि या लोकांना पुरोहितांचे राज्य म्हणतो. पुरोहित हा गावासाठी असतो. गावच नसेल तर तो पुरोहित कोणाचा? सोळाव्या शतकातील इटालियन भाष्यकार ओबद्या स्फोर्नो याने हाच अर्थ लावला: सर्व मानवजात देवाला प्रिय आहे, आणि इस्राएलाने तिला शिकवावे. अर्थ उदार आहे खरा. तथापि आपल्याकडील श्रोत्यांना 'पुरोहित' म्हणताच सोवळे आणि दक्षिणाही आठवतील, आणि ते आठवणे अगदीच अप्रस्तुत नव्हे. सेवेचा अधिकार मानाचा अधिकार व्हायला वेळ लागत नाही.

रब्बींचा पहिला प्रश्न मोठा मार्मिक आहे. तोरा रानात का दिली? इस्राएलाच्या भूमीत का नाही? 'मेखिल्ता' या प्राचीन भाष्यात उत्तर येते: ती त्यांच्या भूमीत दिली असती तर यात तुमचा वाटा नाही असे ते इतरांना म्हणाले असते. रानाला मालक नसतो. म्हणून ती उघड्यावर, कोणाचीही सत्ता नसलेल्या जागी दिली; ज्याला घ्यायची त्याने यावे आणि घ्यावी. तालमूदात रब्बी योहानान याच्या नावावर असे वचन आहे की, देवाच्या मुखातून निघालेला प्रत्येक शब्द सत्तर भाषांत विभागला गेला. सत्तर म्हणजे त्या काळच्या गणतीने जगातील सर्व राष्ट्रे.

पण मग ती एकाच राष्ट्राकडे कशी राहिली? याची एक कथा आहे. फेरीवाला दारोदार हिंडतो तसा देव आधी इतर राष्ट्रांकडे गेला. एसावाच्या वंशजांनी विचारले, हिच्यात काय आहे? खून करू नये, हे ऐकून त्यांनी नकार दिला. अम्मोन आणि मवाब व्यभिचाराच्या आज्ञेला अडले, इश्माएलाचे वंशज चोरीच्या. इस्राएलाने मात्र होकार दिला. ही कथा अर्धी उदार आणि अर्धी आढ्यतेची आहे असे आमचे मत आहे. देवाने सर्वांना विचारले हे उदार. शेजारी तेवढे खुनी आणि चोर, ही आढ्यता. एवढे लक्षात घ्यावे की, रब्बींच्या बोलीत एसाव म्हणजे रोम, आणि कथा सांगणारे लोक रोमच्या टाचेखाली होते. जित लोक जेत्यांविषयी गोड बोलत नसतात.

गंमत अशी की, या आढ्यतेवरचा उतारा तालमूदातच आहे. देवाने सीनाय डोंगर उचलून हौदासारखा त्यांच्या डोक्यावर उपडा धरला आणि बजावले: तोरा घ्या, नाहीतर इथेच तुमची कबर होईल. मग स्वेच्छेने होकार देण्याचा मोठेपणा कुठे राहिला? यावर रब्बी आहा याने वकिलाला शोभेल असा आक्षेप घेतला: हा तर तोरेविरुद्ध मोठाच पुरावा झाला! जबरदस्तीने घेतलेला करार बंधनकारक कसा? रावा उत्तर देतो की, पुढे अहश्वेरोशाच्या काळी, म्हणजे एस्तेरच्या गोष्टीतल्या संकटानंतर, त्यांनी ती राजीखुशीने पुन्हा पत्करली. म्हणजे देणे एकदाच झाले, पण घेणे पुन्हा करावे लागले. निवड हा जन्माने लाभणारा गुण आहे, ही कल्पना येथे बरीच ढिली पडते.

ज्यांनी तोरा घेतली नाही त्यांचे काय? रब्बींच्या मते नोहाच्या सर्व वंशजांना, म्हणजे सर्व माणसांना, सात आज्ञा लागू आहेत. न्यायाची व्यवस्था ठेवणे, खून व चोरी न करणे इत्यादी. परराष्ट्रांतील सज्जनांनाही परलोकात वाटा आहे, असे रब्बी यहोशुआचे मत, आणि तेच पुढे रूढ झाले. यहुदी झाल्यावाचून तरणोपाय नाही असे हा धर्म म्हणत नाही. धर्मप्रसाराची धडपड त्याच्यात एवढी थोडी का, याचे हे एक कारण होय.

मात्र सारेच एकमुखी नव्हते. तोरेचा अभ्यास करणारा परधर्मीयसुद्धा महायाजकाच्या बरोबरीचा आहे, असे रब्बी मेईर म्हणतो. कारण शास्त्रात 'मनुष्य' असा शब्द आहे, याजक किंवा इस्राएली असा नाही. त्याच पानावर दुसरा पंडित म्हणतो की, असा परधर्मीय मृत्युदंडास पात्र आहे, कारण तोरा हा आमचा वारसा. हा दुसरा पंडित म्हणजे सत्तर भाषांचे वचन सांगणारा तोच रब्बी योहानान! तालमूदाने तडजोड काढली की, मेईरचे म्हणणे सात आज्ञांच्या अभ्यासापुरते घ्यावे. आम्हांस ती तडजोड तोकडी वाटते. पण दोन्ही मते शेजारीशेजारी जपून ठेवली, याचे मोल आहे.

मध्ययुगात हाच वाद दोन थोर पुरुषांत दिसतो. कवी यहूदा हालेवी याने बाराव्या शतकात 'कुझारी' हा संवादग्रंथ अरबीत लिहिला. त्याच्या मते नवा यहुदी जन्मजात यहुद्याच्या पूर्ण बरोबरीला येत नाही. प्रेषितत्व वंशातूनच उतरते. याउलट मैमोनिदीस (मृत्यू १२०४). ओबद्या नावाच्या एका नवयहुद्याने त्याला पत्रातून विचारले: प्रार्थनेत 'आमच्या पूर्वजांचा देव' असे मी म्हणावे काय? मैमोनिदीसाने निःसंदिग्ध उत्तर दिले की, अवश्य म्हणावे. जो या मार्गाला आला तो अब्राहामाचा शिष्य व त्याच्याच घरचा. आमचे कूळ अब्राहामापर्यंत जाते, तर तुझे थेट जगाच्या निर्मात्यापर्यंत. शावुओतला अनेक सभास्थानांत रूथची गोष्ट वाचतात, हेही येथे ध्यानात यावे. रूथ मवाबी, म्हणजे फेरीवाल्याच्या कथेत तोरा नाकारणाऱ्यांच्या वंशातली. आणि ती दावीद राजाची पणजी.

सर्वांत कठोर बोल मात्र या सर्वांच्या आधीच्या आमोस संदेष्ट्याचे आहेत. त्याच्या मते देवाने तुम्हांलाच जवळ केले, म्हणूनच तुमच्या पापांचा जाब तुम्हांला द्यावा लागेल. आणि मिसरमधून सुटकेचा अभिमान बाळगू नका. पलिष्ट्यांना कफतोरातून आणि अराम्यांना कीरातून त्यानेच आणले.

विसाव्या शतकात अमेरिकेतील मोर्देकाय कॅप्लान याने हा विचार टोकाला नेला आणि १९४५ च्या आपल्या प्रार्थनापुस्तकातून निवडीचे शब्दच गाळले. सनातनी रब्बींनी त्याला बहिष्कृत केले.

आपल्या कोकणातील बेने इस्राएलांना हा प्रश्न पोथीत नव्हे, प्रत्यक्ष भोगावा लागला. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून त्यांना 'शनवार तेली' म्हणत. ग्रंथ हाती नसताना त्यांनी शब्बाथ, सुंता आणि 'शमा' ही प्रार्थना पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. यांतील हजारो लोक इस्राएलात जाऊन स्थायिक झाले, तेव्हा १९६२ साली तेथील मुख्य धर्मपीठाने विवाहाआधी त्यांच्या पूर्वजांची खास चौकशी करण्याच्या सूचना काढल्या. मराठी बोलणाऱ्या या यहुद्यांनी १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये धरणे धरले. संसदेने ते सर्वार्थाने यहुदी असल्याचा ठराव केला, आणि धर्मपीठाला त्या सूचनांतून त्यांचे नाव काढावे लागले.