300 वर्षांपूर्वीची चर्चगीतं आजही हार्मनी शिकवतात, ती कशी?

कीबोर्ड शिकायला सुरुवात केली की लवकरच कॉर्ड येतात. सा-ग-प एकत्र दाबायचं, मग म-ध-सा. पण दर वेळी हात उचलून पुढच्या कॉर्डवर ठेवला की साथ तुटक वाटते. यावरचा उपाय जगभरातले संगीताचे विद्यार्थी योहान सेबास्टियन बाख यांच्या कोरालमध्ये शोधतात.

कोराल म्हणजे काय?

16व्या शतकात मार्टिन ल्यूथर यांच्या धर्मसुधारणेनंतर जर्मनीत चर्चमध्ये जमलेले सामान्य लोक जर्मन भाषेत भक्तिगीतं गाऊ लागले. ही गीतं म्हणजे कोराल. सगळ्यांना गाता यावं म्हणून त्यांच्या चाली सोप्या असायच्या.

बाख (1685-1750) यांनी यातल्या बहुतेक चाली स्वतः बांधल्या नाहीत. त्यांनी आधीच्या चालींना आणखी तीन आवाजांची जोड दिली. सर्वांत वर सोप्रानो, मग आल्टो, टेनर आणि तळाला बास. त्यांच्या मृत्यूनंतर, 1784 ते 1787 या काळात, अशा सुमारे 370 कोरालचा संग्रह चार भागांत छापला गेला.

उडी नको, पाऊल टाका

आता तीच दोन कॉर्ड चार गायकांना वाटून द्या. बास खालच्या 'सा'वरून 'म'वर जातो. वरच्या तिघांकडे ग, प आणि वरचा सा आहे. 'सा' दोन्ही कॉर्डमध्ये आहे, म्हणून तो गायक जागचा हलत नाही. 'ग'वाला शेजारच्या 'म'वर जातो, 'प'वाला 'ध'वर. कॉर्ड बदलली, पण वरच्या तिघांपैकी कुणालाही उडी मारावी लागली नाही.

यालाच 'व्हॉइस लीडिंग' म्हणतात. कॉर्ड म्हणजे स्वरांचा गठ्ठा नाही, ती चार स्वतंत्र चालींची भेट आहे, हे इथे कळतं.

नियम कशासाठी?

सा आणि प गाणारे दोघे एकाच वेळी रे आणि ध वर सरकले, तर दोन आवाज एकमेकांना चिकटल्यासारखे वाटतात. म्हणून कोरालमध्ये अशी समांतर चाल टाळतात. रॉक गिटारच्या 'पॉवर कॉर्ड'मध्ये मात्र नेमकं हेच मुद्दाम करतात, कारण तिथे एकच भरीव आवाज हवा असतो. म्हणजे हा नियम सगळ्या संगीताला लागू नाही. चार आवाज वेगवेगळे ऐकू यायला हवे असतील, तेव्हा तो कामाचा.

बाख स्वतः कसं शिकवायचे?

त्यांचा मुलगा कार्ल फिलिप इमान्युएल यांनी 1775 मधल्या एका पत्रात ही पद्धत सांगितली आहे. कोरालकडे वळल्यावर बास आधी बाख स्वतः लिहून देत आणि विद्यार्थ्यांनी मधले दोन आवाज भरायचे. ते जमलं की बासही विद्यार्थ्यांनीच रचायचा.

हा सराव आजही घरी करता येतो. बाख यांच्या रचना कॉपीराइटमुक्त आहेत आणि ऑनलाइन मोफत मिळतात. एक कोराल निवडा. आधी चारही ओळी एकेक करून गा. मग एक ओळ गाऊन बाकीच्या तीन वाजवा. शेवटी फक्त चाल आणि बास ठेवा, मधले आवाज झाका आणि स्वतः लिहून पाहा. मग बाख यांच्या उत्तराशी ताडून बघा. तुमचा आल्टो जिथे उडी मारतो, तिथे त्यांचा बहुतेक वेळा शेजारचा स्वर घेतो किंवा शांतपणे थांबतो.