‘स्थिर’ नव्हे, ‘सामाईक’

संगणकशास्त्रातले काही शब्द मराठीत आणताना अर्थच निसटतो. ‘स्टॅटिक’ हा त्यांतलाच. त्याला ‘स्थिर’ म्हणणे मला खटकते. कारण ज्याला हे नाव मिळते, त्याचे मूल्य स्थिर असेलच असे नाही.

ऑस्लोच्या नॉर्वेजियन कम्प्युटिंग सेंटरमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगार्ड यांनी ‘सिम्युला ६७’ या भाषेत ‘क्लास’ म्हणजे वर्गाची कल्पना आणली. वर्ग हा आराखडा. त्यावरून घडतात त्या वस्तू. ग्रंथालयाचा प्रोग्रॅम घ्या. ‘पुस्तक’ हा वर्ग. नाव, लेखक, किंमत ही ज्या त्या पुस्तकाची. पण एकूण पुस्तके किती, हा आकडा कुठे ठेवायचा? प्रत्येक पुस्तकावर लिहिला, तर नवे पुस्तक येताच सगळीकडे खाडाखोड करावी लागेल. म्हणून तो वर्गाजवळ एकदाच ठेवतात.

झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील केंद्रात घडलेल्या ‘स्मॉलटॉक-८०’ने याला सरळ ‘क्लास व्हेरिएबल’ म्हटले. बेल लॅब्जमध्ये १९७९ पासून सी प्लस प्लसची उभारणी करणाऱ्या बियार्न स्ट्रूस्ट्रुप यांनी मात्र सी भाषेतला ‘स्टॅटिक’ हा जुनाच शब्द वापरला. सीमध्ये फंक्शनचे काम संपले तरी ज्या चलाची जागा मोडत नाही, त्याला तो लावत. स्थिर असते ती जागा. आतला आकडा बदलू शकतो. पुढे १९९५ साली आलेल्या जावानेही तोच शब्द उचलला.

मला ‘सामाईक’ हा शब्द पटतो. सात-बारा वाचणाऱ्याला तो समजावून सांगावा लागत नाही. आणि सामाईक म्हटले की वहिवाटीचे तंटे आलेच. प्रोग्रॅमची दोन कामे एकाच वेळी चालू असताना दोघांनीही ४० हा आकडा वाचला, त्यात एक मिळवून ४१ लिहिला, तर पुस्तके दोन येतात आणि नोंद एकाचीच होते. म्हणून एकाचे लिहून होईपर्यंत दुसऱ्याला थांबवणारे कुलूप लागते. पायथॉनमधला पेच निराळा. तिथे वस्तूमार्फत सामाईक आकडा वाचता येतो. पण तिच्याचमार्फत नवा आकडा दिला, की तिची वेगळी नोंद तयार होते आणि सामाईक आकडा जुनाच राहतो. न सांगता वाटणी झालेली असते!

‘स्थिर’ ऐकून विद्यार्थी निर्धास्त होतो. ‘सामाईक’ ऐकला, तर यात हात कोण घालणार आणि कुलूप कोण लावणार, हे तो आधी विचारील. परिभाषा घडवायची ती यासाठीच.