घोंगडी: तीन घरांची विणकारी

घोंगडी म्हटलं की सणगर विणकर आठवतो. पण ती त्याच्या एकट्याची कधीच नव्हती. लोकर धनगराच्या वाड्यावरची, सूत धनगरणीनं कातलेलं आणि वीण सणगराच्या मागावरची. माणदेशापासून पट्टणकोडोलीपर्यंत ही साखळी पिढ्यान् पिढ्या चालली. आज तिची प्रत्येक कडी निखळते आहे.

सुरुवात मेंढीपासून होते. दख्खनी मेंढी कमी पावसाच्या मुलखातली, तिची लोकर काळपट आणि जाडीभरडी. मऊ स्वेटरला ती चालत नाही. पण ओली झाली तरी ऊब धरते, म्हणून रानात राहणाऱ्या माणसाला ती मोलाची. वर्षातून दोनदा कातरणी होते. आता लोकर विकून कातरणीची मजुरीही सुटत नाही, त्यामुळे कित्येक वाड्यांवर ती रानातच टाकून देतात. मेंढपाळाला पैसा मटणाचा मिळतो. म्हणून तो जत तालुक्यातल्या माडग्याळसारख्या थोराड मेंढ्यांकडे वळतो, आणि यात त्याचा काहीही दोष नाही.

दुसरं काम बायांचं. लोकर निवडायची, पिंजायची, मग चरख्यावर सूत काढायचं. वाड्यावरचा स्वयंपाक, पाणी, कोकरं सांभाळून उरलेल्या वेळात हे चालतं. या कष्टाची मजुरी घोंगडीच्या किमतीत क्वचितच नीट धरली जाते. आईचं पाहून मुलगी चरख्यावर बसत नाही, त्याचं कारण इथे आहे.

मग सूत सणगराच्या अंगणात येतं. चिंचोके भाजून, भिजवून, कुटून, शिजवून खळ करतात आणि ताणलेल्या सुताला कुंच्यानं लावतात. खळीनं सूत ताठ होतं, मागावर तुटत नाही. ती वाळायला ऊन लागतं, त्यामुळे पावसाळ्यात काम रेंगाळतं. विणकर खड्ड्यात पाय सोडून मागावर बसतो, धोटा हातानं फेकतो. अशा घोंगडीला आठवडी बाजारात पानिपतच्या स्वस्त ब्लँकेटशी भावात झुंजावं लागतं.

कारागिरांसाठी योजना नाहीत असं नाही. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतार, लोहार, कुंभार यांच्यासह १८ व्यवसाय आहेत. मागावरचा विणकर त्यात नाही. त्याच्यासाठी हातमागाच्या योजना वेगळ्या. मेंढपाळ पशुसंवर्धन खात्याकडे. धंदा एक, दारं अनेक, आणि सूत कातणारी बाई कुठल्या दाराशी उभी राहणार? विणकराला माग घ्यायला कर्ज मिळालं, तरी सूतच आलं नाही तर तो विणणार काय?

म्हणून मदत लोकरीपासून सुरू व्हायला हवी. वाड्यावर जाऊन, प्रतवारी करून, कातरणीचा खर्च निघेल अशा भावानं लोकर विकत घ्यावी. सूतकताईची मजुरी ठरवून बाईच्या हाती द्यावी. मागाचा प्रश्न त्यानंतरचा.

आणि आपण गिऱ्हाइकांनी एवढं करावं: घोंगडी घेताना लोकर कुठली, सूत कोणी कातलं, हे विचारावं. नवी घोंगडी खळीमुळे ताठ लागते, वापरून मऊ होते. तेवढ्यासाठी ती नाकारू नये. ब्लँकेटचा भाव दाखवून घासाघीस तर मुळीच करू नये. त्या एका किमतीत तीन घरांची मजुरी असते.