लॅपटॉपवर मोजलेला वेळ कितपत खरा?

मागच्या वर्षी मी गाइड मॅडमना एक तक्ता दाखवला. आमची नवी सिम्युलेशन पद्धत जुनीपेक्षा वीस-पंचवीस टक्के कमी वेळ घेते, असं त्यात दिसत होतं. त्यांनी एवढंच विचारलं, "आधी कुठली चालवलीस?" मी म्हटलं, आमची. "मग आता उलट क्रमाने चालव." उलट चालवलं आणि जुनी पद्धत जिंकली. कोड तोच, इनपुट तोच, मशीनही तेच, म्हणजे माझा गेमिंग लॅपटॉप. प्रत्येक पद्धत एकदाच चालवली होती आणि एक रन जेमतेम वीस-पंचवीस सेकंदांचा होता. (हो, एकदाच. हसू नका, तुम्हीही करता.)

हा घोळ कुठून आला ते नीट समजून घेऊ. कारण रिसर्चमध्ये "आमचं अल्गोरिदम वेगवान आहे" असा दावा करणाऱ्या कुणाच्याही बाबतीत तो होऊ शकतो.

इंटेलचा कोअर आय७-१२७००एच घ्या, गेमिंग लॅपटॉपमध्ये भरपूर दिसणारा प्रोसेसर. याची बेस पॉवर ४५ वॅट आणि कमाल टर्बो पॉवर ११५ वॅट. मोठ्या कोअरचा बेस क्लॉक २.३ गिगाहर्ट्झ आणि कमाल ४.७. जाहिरातीत अर्थातच ४.७ छापलेलं असतं. आत मात्र दोन मर्यादा काम करतात: पीएल१ ही दीर्घकाळाची आणि पीएल२ ही थोड्या वेळाची. प्रोसेसर आपण खाल्लेल्या पॉवरची धावती सरासरी ठेवत असतो. सरासरी पीएल१च्या खाली आहे तोवर त्याला पीएल२पर्यंत उधळायला मुभा असते. सरासरी पीएल१ला टेकली की पॉवर तिथेच धरून ठेवायची.

गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीसारखं आहे हे. रात्रभर टाकी भरली की सकाळी नळ पूर्ण सोडता येतो. टाकी रिकामी झाली की मग पाइपातून येईल तेवढंच पाणी. लॅपटॉप निवांत पडलेला असतो तेव्हा टाकी भरत असते. पहिल्या प्रोग्रामला भरलेली टाकी मिळते, दुसऱ्याला नुसता पाइप. टाकी केवढी, हे टाऊ नावाची कालस्थिरता ठरवते. २८ किंवा ५६ सेकंद अशी मूल्यं बरेचदा दिसतात, पण याचा अर्थ टर्बो बरोबर तेवढेच सेकंद टिकतो असा नाही. टाऊ ५६ सेकंद धरून लॅपटॉप निवांत असताना ११५ वॅटने सुरुवात केली, तर सरासरी ४५ला पोचायला साधारण २५ सेकंद लागतात. माझ्या एका रनएवढेच!

आता ११५ वरून ४५ वॅटवर आलो तर वेग किती पडेल? पॉवर ढोबळमानाने व्होल्टेजचा वर्ग गुणिले फ्रिक्वेन्सी या प्रमाणात जाते, आणि फ्रिक्वेन्सी कमी केली की व्होल्टेजही कमी करता येतं. म्हणून पॉवर जवळपास फ्रिक्वेन्सीच्या घनाप्रमाणे बदलते. ४५ भागिले ११५ म्हणजे ०.३९, त्याचं घनमूळ ०.७३. लीकेज वगैरे सोडून दिलं तरी अंदाज मिळतो: क्लॉक सुमारे २७ टक्के खाली. माझ्या तक्त्यातली "सुधारणा" आठवा.

इथे एक गैरसमज फार दिसतो. लॅपटॉप स्लो झाला की सगळे म्हणतात, गरम झाला. दर वेळी तसं नसतं. तापमानाची मर्यादा वेगळी आहे, या प्रोसेसरला १०० अंश सेल्सिअस. तिथे पोचला तर थर्मल थ्रॉटलिंग. पण ७५-८० अंशांवर असतानाही पॉवर मर्यादेमुळे क्लॉक पडतो आणि तेव्हा पंखा साफ करून किंवा पेस्ट बदलून काही होत नाही, कारण मर्यादा फर्मवेअरमध्ये लिहिलेली आहे. ती लॅपटॉप बनवणारा ठरवतो, त्यामुळे तोच आय७ दोन मॉडेलमध्ये दोन तऱ्हेने वागतो. शिवाय ग्राफिक्स कार्डही बरेचदा त्याच हीट पाइपवर आणि त्याच चार्जरवर जगत असतं. बॅटरीवर तर रन घेऊच नका.

उष्णतेचा भाग आपल्याकडे मे महिन्यात कळतो. उष्णता बाहेर टाकण्याचा वेग चिप आणि खोली यांच्या तापमानातल्या फरकावर अवलंबून. खोली २५ अंश असेल तर फरक ७५, खोली ३८ असेल तर ६२. म्हणजे त्याच पंख्याची क्षमता सुमारे १७ टक्क्यांनी घटली. हॉस्टेलच्या बिनएसीच्या खोलीत सकाळी घेतलेला रन आणि दुपारचा रन यांची तुलना करू नका, इतकंच.

मग मी काय बदललं? लिनक्सवर इंटेल पीस्टेट ड्रायव्हरची 'नो टर्बो' सेटिंग चालू केली. त्याने टर्बो बंद होतो, सगळं हळू चालतं, पण सारखं चालतं. तुलना करताना मला वेगापेक्षा सारखेपणा जास्त हवा. सुरुवातीचे काही रन टाकून द्यायचे. दोन पद्धती आलटूनपालटून चालवायच्या. आधी एकीचे सगळे, मग दुसरीचे सगळे, असं कधीच नाही. या प्रोसेसरमध्ये मोठे आणि छोटे असे दोन प्रकारचे कोअर आहेत, म्हणून प्रोग्राम टास्कसेटने ठरावीक कोअरना बांधून ठेवायचा. आणि बाजूला टर्बोस्टॅट चालू ठेवून प्रत्येक रनची फ्रिक्वेन्सी, वॅट आणि तापमान फाइलमध्ये लिहून घ्यायचं. विंडोजवाल्यांना एचडब्ल्यूइन्फो चालेल. क्लॉक पॉवरमुळे पडला की तापमानामुळे, तेही त्यात दिसतं.

असं करून तीस-तीस रन घेतले. आमची पद्धत अजूनही वेगवान आहे, पण चार टक्क्यांनी. तक्त्यात तेच लिहिलं, खाली क्लॉक आणि खोलीचं तापमान टाकलं. मॅडमनी तक्ता पाहिला आणि विचारलं, "चार टक्क्यांवर एरर बार केवढा?" तो आता काढतोय.