वजन आहे, माल दिसत नाही

हुबळीत श्रीनिवास कुलकर्णी म्हटलं की लोक विचारतात, कुठले कुलकर्णी? सुधा मूर्तींचे धाकटे भाऊ, असं सांगितलं की लगेच माना हलतात. जन्म 1956 सालचा, कुरुंदवाडचा. वडील सर्जन, शाळा हुबळीत, पुढे दिल्लीची आयआयटी, बर्कली आणि मग कॅल्टेक. 2024 चं खगोलशास्त्राचं शॉ पारितोषिक त्यांना मिळालं, ती बातमी अमरगोळच्या बाजार समितीत, आमच्या अडतीच्या गादीवर मीच वाचून दाखवली. साहुकार म्हणाले, "ते झालं हो. पण ह्यांनी केलं काय, ते सांगा की!"

मी अडतीत जमाखर्च लिहिणारा माणूस. आकाशाचा नाद जुना. तेव्हा माझ्या परीनं सांगतो.

कॅलिफोर्नियातल्या पालोमार डोंगरावर कुलकर्णींनी एक प्रकल्प उभा केला. त्यातला कॅमेरा एका फोटोत पौर्णिमेचे दोनशेहून जास्त चंद्र मावतील एवढं आकाश टिपतो आणि काल नव्हतं ते आज काय उगवलं हे शोधतो. प्रकल्पाला नाव दिलंय फ्रिट्झ झ्विकीचं. हा कॅल्टेकमधलाच स्विस शास्त्रज्ञ, डोक्यानं तल्लख आणि तोंडानं महाफटकळ. 1933 साली त्यानं कोमा नावाचा दीर्घिकांचा समूह मोजायला घेतला. त्यातल्या दीर्घिका सेकंदाला हजारभर किलोमीटर अशा वेगानं इकडंतिकडं धावत होत्या. एवढा वेग असेल तर समूह केव्हाच उधळायला हवा होता. तो टिकलाय, म्हणजे धरून ठेवणारं गुरुत्व तेवढं जबर असणार, आणि गुरुत्व म्हणजे वजन.

आमच्या यार्डात ब्याडगी मिरचीचा ट्रक काट्यावर चढतो. काटा दहा टन माल दाखवतोय आणि मोजली तर पोती दोन टनांचीच भरतात, असं झालं तर कोणीही ताडपत्री उचलून बघेल. झ्विकीचा फरक याहून प्रचंड होता, चारशे पटींचा. त्या काळी अंतरांची मोजमापं चुकीची होती म्हणून तो आकडा फुगला. आज तो बराच खाली आलाय, पण तूट काही भरून निघालेली नाही. जो माल वजनात येतो आणि नजरेत येत नाही, त्याला त्यानं डार्क मॅटर म्हटलं. मराठीत कृष्णद्रव्य.

पुढं तीसेक वर्षं फारसं कोणी मनावर घेतलं नाही. मग 1970 साली व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी अँड्रोमेडा दीर्घिकेतल्या वायूच्या ढगांचे वेग मोजले. सूर्यमालेत बुध सेकंदाला 47 किलोमीटर धावतो आणि लांबचा नेपच्यून जेमतेम साडेपाच. अँड्रोमेडात तसं नव्हतं. कडेचे ढगही सेकंदाला दोनशे किलोमीटरच्या आसपास पळत होते. म्हणजे प्रकाश जिथं संपतो तिथं वजन संपत नाही.

हे वजन कशाचं? सोपा संशय असा की न पेटलेले, अंधारे गोळेच असतील. इथं कुलकर्णी पुन्हा येतात. 1995 साली त्यांच्या गटानं ग्लीझ 229 बी हा तपकिरी खुजा जाहीर केला. हा आपल्यापासून 19 प्रकाशवर्षांवर आहे. तारा व्हायला निघालेला, पण हायड्रोजन पेटवण्याइतकं वजन नसलेला. याच काळात मोठा मॅजेलन मेघ या शेजारच्या दीर्घिकेतले लाखो तारे न्याहाळून अशा गोळ्यांची मोजदाद चालू होती. मधून एखादा गेला की मागचा तारा काही दिवस उजळतो. मोजदाद संपली तेव्हा गोळे फारच थोडे निघाले. तूट त्यांच्यानं भागेना.

त्याच 229 बी ची एक गंमत सांगण्याजोगी आहे. त्याचं वजन गुरूच्या सत्तरेक पट निघालं, पण त्या मानानं तो फार मिणमिणता. 2024 मध्ये उलगडा झाला: तो एक नाही, दोन आहेत, बारा दिवसांत एकमेकांभोवती फिरणारे. वजन आणि उजेड जुळेनात, यातून एवढं निघालं. दीर्घिकांच्या बाबतीत मात्र अजून काही हाती लागलेलं नाही. एखाद्या अनोळखी कणावर बहुतेकांचा भरवसा आहे. त्याच्या शोधासाठी लोक जमिनीखाली उतरलेत. आपल्याकडं झारखंडात जादुगुडाच्या युरेनियम खाणीत 555 मीटर खोल प्रयोगशाळा आहे.

डार्क एनर्जी हे प्रकरण वेगळंच. नावातल्या 'डार्क'वरून दोन्हींना सख्खी भावंडं समजू नये. एक ओढतं, दुसरी पसरवते. श्वेत खुजा तारा, म्हणजे इंधन संपल्यावर उरलेला ताऱ्याचा गाभा, फुटला की त्याचा झगमगाट जवळपास ठरलेला असतो, त्यामुळं तो किती फिका दिसतो यावरून अंतर काढता येतं. 1998 साली दोन गटांना लांबचे असे स्फोट अपेक्षेपेक्षा फिके आढळले. गुरुत्वानं विश्वाचं पसरणं मंदावायला हवं, ते तर वाढतंय! याला 2011 चं नोबेल मिळालं. त्याच वर्षी 24 ऑगस्टला कुलकर्णींच्या आधीच्या प्रकल्पानं 2 कोटी 10 लाख प्रकाशवर्षांवरच्या एम 101 दीर्घिकेत तसलाच स्फोट झाल्यावर अर्ध्या दिवसाच्या आत पकडला आणि फुटलेला तारा खरंच श्वेत खुजा होता, याची खात्री पटली.

खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर कोल्हापूरचे, म्हणजे कुरुंदवाडच्याच जिल्ह्यातले. विश्वाचं पसरणं वाढतंय, हे त्यांना मान्य नव्हतं. दीर्घिकांच्या मधल्या पोकळीतल्या, धातूच्या सूक्ष्म तंतूंच्या धुळीनं स्फोट फिके दिसत असतील, असं त्यांनी सहकाऱ्यांबरोबर मांडलं. बहुतेकांना पटलं नाही, पण शंका नेमकी होती आणि तपासण्यासारखी होती. मला ती आवडते.

सध्याचा ताळेबंद असा: आपण, मिरची, तारे, सगळं मिळून 5 टक्के, कृष्णद्रव्य 27, डार्क एनर्जी 68. यातल्या शेवटच्या आकड्याला लांबच्या आणि जवळच्या स्फोटांच्या तुलनेचाही आधार आहे. जवळचे स्फोट एकाच कॅमेऱ्यानं, एकाच पद्धतीनं मोजलेले हवेत, आणि ते काम झ्विकीच्या नावाचा प्रकल्प करतो. 2025 मध्ये त्यांनी 3,600 हून जास्त स्फोटांची यादी प्रसिद्ध केली. त्याच वर्षी अॅरिझोनातल्या डेसी सर्वेक्षणानं दीर्घिकांची अंतरं मोजून असं सुचवलं की डार्क एनर्जी काळानुसार कमी होत असावी. पुरावा अजून पक्का नाही. दोन्ही वह्या ताडून बघणं आता चालू आहे.